डब्यात काय वाजतंय

लिंबायत, सुरत
भाद्रपद पौर्णिमेचा दुसरा दिवस

हा शरद कोण, ते आधी सांग. गाण्यांच्या यादीच्या डोक्यावर लिहिलंस, "आजीसाठी शरद". मला शरद पूनम माहीत आहे, नुसता शरद म्हणजे माणूस. मी शेजारच्या शांताबाईला विचारलं, तिने खालच्या मजल्यावर विचारलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळी बिल्डिंग धरून बसली की सुवर्णाने आणखी काहीतरी केलं. शेवटी तुझ्या आईने सांगितलं की ते ऋतूचं नाव आहे. मग "पाऊस सरला" असं लिहायला तुझे हात दुखत होते का? एक बिकास केलास, तेवढा आम्हाला पुष्कळ आहे.

चि. सुवर्णाला आजीचा आशीर्वाद. बिकासलाही अर्धा दे. उरलेला अर्धा तो इथे येऊन पाया पडेल तेव्हा.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचे गुडघे दुखतात आणि ती ते कोणाला सांगत नाही, फक्त जिना चढताना सगळ्यांना ऐकवते. माझा उजवा खांदा वर जात नाही. जीभ चालते. घरात आणखी एक माणूस आहे, त्याचं पुढे बघू.

पत्र हाताने लिहिते आहे. फोनात बोलायला लागलं की माझं बोट बटणावरून सुटतं, निम्मं बोलणं हैदराबादला जातं आणि निम्मं इथेच राहतं. तिसरीपर्यंतची अक्षरं आहेत, लावून वाच.

आता तुझी गाणी. दर महिन्याला तू आईच्या फोनवर पाठवतेस आणि मी ऐकते, दुसरा धंदा नसल्यासारखी. या खेपेला पहिल्या गाण्यात इतका वेळ कोणी तोंडच उघडत नाही. मला वाटलं फोन बिघडला. आई म्हणाली, ते नुसतं वाजवायचंच आहे. बरं. दुसऱ्यात ती इंग्रज बाई, तिला सर्दी झालेली. पंजाबी चांगलं आहे, पोटभर जेवून म्हटल्यासारखं. त्याच्या मागे लगेच कव्वाली, आणि कव्वालीच्या मागे तान्ह्या पोराला निजवायचं गाणं. असं कोणी ताट वाढतं का, ठेच्याशेजारी शेवयांची खीर? तरी ऐकलं सगळं. मग ते ओडिया आलं.

ते बिकासच्या घरचं असणार. मला ती बाई मिरच्या कांडता कांडता गाते आहे असं वाटलं. मी लसूण सोलत होते, आपल्याशीच बोलले की काय सांगते ही, काही कळत नाही. तर मागून उत्तर आलं. भिंतीकडे तोंड करून.

"नदीपलीकडं देलेली पोरगी आहे. नावाड्याले म्हणते, घाटावर बाप उभा असन तर नाव लाव. नसन तर तशीच पुढं ने."

तुझा बाप बोलला. अर्धं आयुष्य दत्तूने कापडाच्या कारखान्यात ओडिया कारागिरांच्या शेजारी लूम चालवली, ती भाषा त्याच्या कानात बसली आहे. आणि त्यांच्यातल्याच एकाच्या मुलाशी तू कोर्ट मॅरेज केलंस, तेव्हा यानेच सांगितलं होतं की या घरात तिचं नाव काढायचं नाही. मी काढतेच. आधी तो नाव ऐकलं की उठून खाली रस्त्यावर जायचा. आता दारापर्यंत जातो.

मी विचारलं, मग नाव लागते का घाटाला? म्हणाला, गाणं तिथंच संपते.

गाणं कुठे संपतं ते त्याला कसं ठाऊक, हे मी विचारलं नाही. मला माहीत आहे. तुझ्या आईचा फोन चार्जिंगला लावतो म्हणून गॅलरीत नेतो आणि तिथेच बसतो. उजवा कान लूमने खाल्ला, म्हणून आवाज मोठा ठेवतो, आणि समजतो की आपल्यालाच ऐकू येतं. शांताबाई मला विचारत होती, दत्तूने बँडपथक काढलं का.

असो. महिनाभर गाणी म्हणायची ही युक्ती काही तुम्हा फोनवाल्यांची नाही. काल आमच्या भुलाबाई बसल्या, आता कोजागिरीपर्यंत रोज गाणी. म्हणून या महिन्याची यादी माझी. आईने फोनवर पाठवली आहे. तिला नाव दिलेलं नाही.

पहिलं गाणं शांताबाईने धरलं आहे. मध्ये मध्ये शिटी ऐकू येईल, ती तिच्या कवळीची. माझा आवाज मागे आहे, फाटका, पण सुरात फक्त तोच आहे. पुढच्या गाण्यात समोरच्या सोसायटीच्या पोरींची गरब्याची प्रॅक्टिस घुसली. काढता येत नाही म्हणे, तर राहू दिली. त्या टाळ्या आपल्याहून बऱ्या पडतात. त्यानंतर नुसता लूमचा आवाज आहे. आईने कारखान्याच्या खिडकीखाली उभं राहून भरून आणला. लहानपणी मलकापूरला मामाकडे नेलं की तू रडायचीस, इथे काहीच वाजत नाही, झोप कशी येणार म्हणून. तिकडे तुझ्या उंच इमारतीतही काही वाजत नसेल.

सगळ्यात शेवटी डबा आहे.

गाणी झाली की झाकलेला खाऊ ओळखायचा, डबा कानाशी हलवून, हे तू विसरली नसशील. तू पहिल्याच फेरीत ओळखायचीस आणि बाकीच्या पोरी चिडायच्या. म्हणून दत्तू पाळी संपवून आला की खिशातली दोऱ्याची रिकामी बॉबिन गुपचूप डब्यात टाकायचा. तूही वस्ताद. एकदा हलवलास आणि म्हणालीस, "मुरमुरे आहेत, आणि यात पप्पा पण आहेत."

तर काल मी डबा हलवायला घेतला, आईने फोन धरला. माझा खांदा वर जाईना, डबा नुसता कण्हत होता. दत्तू जेवत होता. अर्ध्या ताटावरून उठला, हात धुतले, माझ्या हातातून डबा घेतला. मग कोपऱ्यात गेला, जिथे त्याची कारखान्याची पिशवी टांगलेली असते. झाकण उघडल्याचं ऐकू आलं, लावल्याचं ऐकू आलं. परत येऊन त्याने फोनजवळ डबा हलवला, चांगला जोर लावून.

"ओळख म्हणाव आता."

कोणाला म्हणू, ते मी विचारलं नाही. नाव काढायचं नाही ना.

तू ऐक. घारी नाही, एवढं सांगते, तुपात थिजलेली मिठाई वाजत नाही. ती कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, इथे येऊन खायची. उत्तर मला पाठवू नकोस. आईलाही नको. बिकासला विचारू नकोस, तो काय ओळखणार. रविवारी कारखाना बंद असतो, तेव्हा दत्तूच्या फोनवर लाव. पहिल्यांदा उचलला नाही तर तो राग समजू नकोस, ऐकू आलं नसेल. परत लाव.

डबा न हलवलेली,
तुझी आजी सखुबाई

ज्याने हलवला त्यालाच उत्तर दे, तुझ्या तोंडाने, आणि मोठ्याने दे.