मैनेचा पान्हा आणि अमीनची तबकडी

३ मार्च १९७६
मी, गणपतराव बाळाजी चौगुले, वय वर्षे सहासष्ट, इयत्ता चौथी उत्तीर्ण, भजनी मंडळाचा मुख्य गायक व एका म्हशीचा मालक, राहणार शुक्रवार पेठ, कोल्हापूर, सत्य तेच लिहितो. पारडू दगावल्यापासून माझी म्हैस मैना दूध चोरते, धारेला पान्हा सोडत नाही. उद्यापासून धार काढताना मी स्वतः भजन म्हणणार.

४ मार्च
बादली लाथाडली. माझी पट्टी किंचित वर लागली असावी.
शिवाय गोठ्यालगतच्या खोलीतील भाडेकरू अमीन, रेडिओ मेकॅनिक, याने पुण्याहून आणलेली इंग्रजी तबकडी लावली होती. अख्ख्या तबकडीत एकच कथा : लढाईत लेक गमावलेली आई. गिटार, ड्रम व आक्रोश. विलायतेतही ती कोणी विकत घेतली नाही, हे तोच सांगतो. बंद करण्यास बजावले. आण्णा, दुसरी बाजू तर ऐका की, म्हणाला. नकार दिला.

११ मार्च
यश. भजनास प्रारंभ करताच मैनेने पान्हा सोडला. पलीकडे तबकडी चालूच होती. तीवर मात करून माझा स्वर म्हशीपर्यंत पोहोचला, हे विशेष. पत्नी बाळाबाई म्हणाली, तुमच्या भजनाला न्हाय, त्या रडण्याला पान्हावली ती. तिला ताल कळत नाही.

२ एप्रिल
अमीन गावी गेला. मैना अडली. हवामान.

९ एप्रिल
अमीन परतला. धारेच्या वेळी तबकडी लावण्याची त्यास परवानगी दिली. स्पर्धा असली की माझा आवाज खुलतो. दुसरी बाजू अधिक योग्य.

१९ ऑगस्ट १९७९
मैना तिसऱ्यांदा व्याली. सवय तीच : धारेला माझे भजन व तबकडी. अमीनने इंग्रजी मासिक दाखवले : ज्यांनी तबकडीची टर उडवली तेच आता तिला थोर म्हणतात. मी हे प्रथमपासून जाणून होतो.
गंगावेशीतील दूधकट्ट्यावर एक जागा रिकामी झाली. तेथे गिऱ्हाइकासमोर धार काढून पेला हाती द्यायचा. या जागेसाठी मी आयुष्यभर झुरलो. कट्ट्याचे प्रमुख हंबीरराव म्हणाले, म्हस जाग्यावर पान्हावली तर जागा तुमची, अडली तर दुसऱ्याची. अमीन बॅटरीवरचा प्लेअर देत होता. घेतला नाही. माझा कंठ पुरेसा आहे.

२ सप्टेंबर, सायंकाळ
भजनी मंडळास मुद्दाम बोलावले होते. तीन भजने झाली. थेंब नाही. चिमणाबाई नावाचे गिऱ्हाईक रिकामा पेला घेऊन म्हणाले, आण्णा, म्हशीला झोप आली की वो. हंबीररावांनी दुसऱ्या म्हशीस पुढे घ्यायला सांगितले.
तेव्हा माझ्या कंठातून अनवधानाने दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे निघाले. सर्व कडवी. आक्रोशासकट. मला इंग्रजी येत नाही.
मैनेने पान्हा सोडला. पेले फेसाने भरले. जागा मिळाली. हंबीररावांची एकच अट : रोज ह्येच म्हणायचं, भजन न्हाय.
समक्ष हजर : हंबीरराव; चिमणाबाई, दुसरा पेला मागताना; बाळाबाई, पदर तोंडाला लावून; अमीन, ज्याने माझे दोन शब्द सुधारले; आणि समस्त भजनी मंडळ, ज्याने शेवटच्या कडव्याला टाळ धरला.