मागच्या अंगणातले डॅफोडिल

प्रिय स्वरदा,

एप्रिल संपत आला, डँडेनॉन्गला आता सकाळी स्वेटर लागतो; ऑस्ट्रेलियातले थंडीचे हे उलटे महिने मला अजून अंगवळणी पडलेले नाहीत. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. अंगणातल्या डॅफोडिलचं तुला सांगायचं राहून गेलं. गेल्या सप्टेंबरात नुसती पानंच आली, फूल एकही नाही, हे तू पाहिलंस. मला वाटलं, अपूर्वने लावलेले कंद त्याच्यामागून संपले. पानं कापून टाकायला कात्री घेऊन बसले, तर शेजारचा फ्लॉयड कुंपणापलीकडून म्हणाला, "काकू, हिरवी पानं कापू नका. कंद त्यांच्यावरच पोसतो. वाळू देत, मग खणून बघा."

डिसेंबरात खणलं. अपूर्वने मोजकेच लावले होते. खाली एकाला एक चिकटून मोठा घोस झाला होता. फुलायला जागाच उरली नव्हती. हाताने सुटे केले, मऊ पडलेले फेकले, बाकीचे कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून गॅरेजमध्ये टांगले. आता जमीन गार झाली आहे. वीतभर खोल, शेंडा वर करून, एकमेकांपासून लांब लावायचे आहेत.

अपूर्व गेल्यावर तू दोन वर्षं माझ्याजवळ राहिलीस. ओळखीच्या बायका विचारायच्या, मुलगा गेला तरी सून तुमच्याकडेच कशी? मी चहा टाकायला उठत असे. तुला जिलाँगला नोकरी मिळाली तेव्हा जा म्हणाले ते मीच. तू गेल्यावर तुझ्या खोलीतल्या चादरी धुतल्या, त्यापलीकडे काही केलं नाही. आता तू रविवारी ट्रेनने येतेस, भाजी निवडतेस, संध्याकाळी निघतेस. बरं चाललं आहे.

लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या रविवारी मी दूध घेऊन परतत असताना तू कोपऱ्यावरच्या निळ्या गाडीतून उतरलीस. गाडीतल्या मुलाने खिडकीतून तुझी ओढणी तुझ्या हातात दिली. घरी आल्यावर तू म्हणालीस, ट्रेनला गर्दी होती. मी हो म्हटलं. दुपारी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेले, तेव्हाही तो तिथेच होता, मांडीवर बिस्किटांचा पुडा घेऊन. मग मी पुण्याला तुझ्या आईंना फोन केला. त्यांनी रडत रडत त्याचं नाव सांगितलं, गुरुदत्त. तुम्हाला काय वाटेल म्हणून स्वरदा बोलत नाही, म्हणाल्या. मला काय वाटलं ते सांगते. आपल्या दाराशी माणूस दुपारभर बसून राहिला आणि मी त्याला पाणीही विचारलं नाही, याचं वाईट वाटलं. येत्या रविवारी त्याला घरात घेऊन ये. तो काय खात नाही, तेवढं आधी कळव.

तुझीच,
आई