डावा स्क्रीन

६ डिसेंबर
तिन्ही स्क्रीन एकदाचे टेबलावर चढले. अनीश मुद्दाम रजा काढून पनवेलहून आलाय. धाकटा भाऊ, कॉम्प्युटरमधला. तिन्ही स्क्रीन चालवणारं ग्राफिक्स कार्डही तोच घेऊन आला, त्याच्याशिवाय जमलं नसतं. बायकोला, क्षिप्राला सांगितलंय, आपल्या होमस्टेच्या पाहुण्यांसाठी गेमरूम. खरं म्हणजे मलाच हवंय. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बस चालवायचा गेम! दिवसभर पाहुण्यांना दिवेआगरहून दिघी जेट्टीपर्यंत गाडीतून ने-आण करायची आणि घरी येऊन खोटी बस चालवायची. लाज वाटते. पण एकदा बसलो की उठवत नाही.

७ डिसेंबर
चित्र धड येईना. माझा जुना मॉनिटर कमी रिझोल्यूशनचा. अनीश म्हणाला, "दादा, कार्डाला तिन्ही मिळून एकच रुंद पडदा वाटतो. त्यात एक बुटका असला की बाकीच्या दोघांनाही वाकावं लागतं." म्हसळ्याला जाऊन बाकीच्या दोघांसारखाच तिसरा घेऊन आलो. आता रुंदी पाच हजार सातशे साठ, उंची एक हजार ऐंशी. कडेची झाडं जरा ताणल्यासारखी दिसतात. गेम जुना आहे, तेवढं चालायचंच म्हणे. बाकी झकास.

८ डिसेंबर
डावा स्क्रीन त्रास देतोय. डावीकडून येणारी गाडी आधी दिसतच नाही, एकदम समोर उगवते. मी धडकतो. खेळ थांबवून तिकडे मान वळवली की चित्र स्वच्छ! पुन्हा सुरू केला की तेच.
अनीशने केबल बदलली. रिझोल्यूशन खाली आणून पाहिलं. डावा मॉनिटर उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे. फरक शून्य. तो स्वतः बसला आणि सरळ चालवत गेला. "मला तर व्यवस्थित दिसतंय, दादा." मला राग आला. म्हणजे मला चालवता येत नाही असंच ना?

९ डिसेंबर
आज फार वाईट वागलो.
पुण्याचे पाहुणे गेमरूम बघायला आले होते. मी ऐटीत बसलो आणि त्यांच्यासमोर तीनदा आपटलो. ते हसले. चांगल्या मनाने हसले असतील. मी अनीशकडे वळून म्हणालो, "ऑफिसातलं टाकाऊ कार्ड आणून भावाच्या गळ्यात मारलंस." त्याने स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड बॅगेत भरली आणि दुपारच्या एसटीने गेला. क्षिप्राने त्याचं ताट वाढलं होतं.

१० डिसेंबर
क्षिप्रा सकाळपासून एकच वाक्य बोलली. "ते कार्ड भावजींनी स्वतःच्या मशीनमधून काढून आणलं होतं."

१४ डिसेंबर
लिहून टाकतो.
कोळीवाड्याच्या वळणावर गाडीचा डावा आरसा मासळीवाल्या सोनूबाईंना लागला. त्या रस्त्याच्या कडेने बोंबलाची पाटी घेऊन चालल्या होत्या. पडल्या. बोंबील रस्ताभर. मी उतरलो आणि पहिलं काय बोललो, तर "मधेच कशा आलात तुम्ही?"
"मधे? मी कडेला व्हते रं. दिसले न्हाय का तुला?"
गाडीतल्या पाहुण्यांपैकी एक बाई हळूच म्हणाल्या, "त्या कडेलाच होत्या. मला दिसत होत्या." मी खाली मान घातली. सोनूबाईंना दवाखान्यात नेलं. कोपर सुजलंय, हाड शाबूत आहे.
घरी आल्यावर क्षिप्राला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जरा तो गेम खेळून दाखवा मला." या वेळी गेम? पण बसलो. ती माझ्या मागे उभी. मी बस चालवतोय, वळणं घेतोय, स्टॉपवर थांबतोय. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आता डावीकडे बघा."
डावा स्क्रीन काळा होता.
"तुम्ही सुरू केलंत तेव्हाच मी बंद केला," ती म्हणाली. आणि रडायला लागली.

१८ डिसेंबर
अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. एका यंत्रात तोंड घालून ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी कितीतरी वेळ नुसता वाट बघत होतो. मला वाटलं यंत्र बंद पडलं.
काचबिंदू. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली, उजव्यातही सुरुवात. "गेलेलं परत येत नाही. उरलेलं सांभाळू," डॉक्टर म्हणाले. आता गाडी चालवायची नाही. चावी तिथेच क्षिप्राच्या हातात दिली. निघताना म्हणाले, "सख्खे भाऊ-बहीण आहेत? त्यांना लगेच तपासून घ्यायला सांगा. हे दुखत नाही, त्यामुळे कळत नाही."

२१ डिसेंबर
अनीशला फोन केला नाही. मेसेज लिहिला, पुसला. कुठल्या तोंडाने बोलू?

२६ डिसेंबर
"अनीशभावजींना कळवलंत ना?" क्षिप्राने विचारलं.
"हो."
खोटं बोललो. त्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे आणि मी माझी अब्रू सांभाळत बसलोय. इतका हलका मी स्वतःला कधीच वाटलो नव्हतो.

२ जानेवारी
सोनूबाईंकडे गेलो, चालत. माफी मागितली. डोळ्यांचं सांगितलं. त्या बोंबील वाळत टाकत होत्या, एकाच हाताने.
"डोल्याचं हाय व्हय? मंग तसं सांगायचं ना. मी म्हटलं, याला माज आलाय."
"तेव्हा मलाच माहीत नव्हतं."
"आता म्हायती हाय ना? मंग सांगत जा लोकांना."
त्यांच्या दारातूनच अनीशला फोन लावला. सगळं सांगितलं. त्यानेही डोळे लगेच तपासून घ्यायला हवेत, हेही सांगितलं. त्याने विचारलं, "डॉक्टर हे कधी म्हणाले?"
"दोन आठवडे झाले. माझी हिंमत झाली नाही." एवढं तरी खरं बोललो. "त्या दिवशी मी तुला..."
"ते राहू दे, दादा. उद्या दाखवून येतो." त्याने फोन ठेवला.

६ जानेवारी
अनीशचा फोन आला. त्यालाही आहे. अगदी सुरुवात, रोज थेंब घातले तर नजर टिकेल, असं त्याचे डॉक्टर म्हणाले. तोच म्हणत राहिला, "दादा? ऐकतोयस ना, दादा?"