ताक चालेल, असं मी म्हणाले

मंगळवार, संध्याकाळ. लोणावळा.

"घास छातीत अडकणाऱ्यांनो, तुम्हाला सगळे एकच सांगतात, नीट चावून खा!" आज दुपारी वराळे गावातल्या आरोग्य सभेत मी अशी सुरुवात केली आणि टाळ्या पडल्या. माझ्याच अन्ननलिकेला ॲलर्जीची सूज आहे, त्यामुळे राग खरा होता. पुढचं मात्र... अन्ननलिकेत सूक्ष्मजीवांची वस्ती असते, ती बिघडली म्हणून सूज येते, चांगले जंतू परत आणा, ताक प्या. किती ठणकावून बोलले!

माझे डॉक्टर म्हणाले होते, या आजारात ती वस्ती वेगळी दिसते खरी, पण तिच्यामुळे सूज येते की सुजेमुळे ती बदलते, हे अजून नक्की कळलेलं नाही. हे वाक्य मी का गाळलं? टाळ्यांसाठी?

सभेनंतर गावातल्या, माझ्या ओळखीच्या सखूमावशी आल्या. "ताई, माज्या नातीला बी ह्योच आजार. डॉक्टरनं दूध बंद केलंय. पर ताक चालंल न्हवं?"

"बिनधास्त द्या," मी म्हणाले.

"मग आज रातीच देते. लय रडती पोरगी ताकासाठी."

ताक दुधाचंच! परतताना गाडीत हे लक्षात आलं. तेव्हापासून ती मुलगी डोळ्यांसमोरून हलत नाही. हातात पेला, ओठांवर ताकाची पांढरी मिशी. मी तिला कधी पाहिलेलंही नाही. डोळे मिटले तरी तीच पांढरी मिशी.

बोललेले शब्द मागे घ्यायची लाज वाटते? मुलीपेक्षा मोठी आहे ती लाज? अजून जेवणाची वेळ झालेली नाही. पेन ठेव. मावशींना फोन लाव आणि सांग, मी चुकले, तिला ताक देऊ नका.