ओळखीतलं कुणीतरी

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, ठकी बरी आहे. हे आधी लिहिते, कारण पाकीट फोडायच्या आतच तू नको नको ते मनात आणशील. फोन केला असता, पण तू उचलला नसतास. आणि उचलला असतास तरी ही गोष्ट फोनवर बोलायची नाही असं आमच्या मास्तरीणबाईंनी बजावलंय. त्या कोण ते पुढे सांगते. ह्यांच्या डेपोतले एक ड्रायव्हर तुमच्या गावाची गाडी नेतात, त्यांच्या हातात हे देणार आहे. माझं अक्षर तुला माहितीये, शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा सावकाश वाच.

मला हल्ली सगळ्याचीच भीती वाटते गं. जिन्यात पावलं वाजली की मी आधी ठकीच्या तेलाची बाटली लपवते आणि मग दार उघडते. परवा इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस खालच्या काकूंना विचारत होता, वर कोण राहतं, घरी असतात का. बाटली साखरेच्या डब्यात खुपसली, वर साखर लोटली, आणि दारामागे उभी राहिले. तो पाण्याचं मीटर बघायला आला होता. बघून गेला. मी न्हाणीघरात कडी लावून नुसती बसून राहिले आणि ठकी बाहेरून दारावर थापा मारत राहिली. हो, थापा. उभी राहून. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा तिला धड बसताही येत नव्हतं.

तू आलेलीस ते माझ्या डोळ्यापुढून जात नाही. तू बाटली उघडलीस, वास घेतलास आणि तुझा चेहराच बदलला. तू म्हणालीस, गांजा पाजतेस लेकराला, तुझी कुणीतरी तक्रार केली पाहिजे. मीही काहीबाही बोलले. नर्स होऊन वॉर्डात दुसऱ्यांची पोरं सांभाळतेस म्हणून शहाणी झालीस का, असं म्हणाले. सकाळच्या गाडीने तू निघून गेलीस, आणि तेव्हापासून मला पोलिसांच्या आधी तुझीच भीती वाटत आली. खरं सांगते. कुणी तक्रार केलीच तर ती तूच असशील असं वाटायचं. आणि दुसरी भीती त्याहून मोठी, ती मी ह्यांनाही सांगितलेली नाही. तुझंच खरं असलं तर? मोठी झाल्यावर त्या तेलाने तिच्या डोक्याचं काही वाईट केलं असं निघालं तर? मी भांडताना छाती पुढे काढून भांडते, पण ड्रॉपर हातात घेतला की दर वेळी थेंब दोनदा मोजते.

पण तू आधीचं पाहिलंस तेही आठव. दिवसातून किती वेळा ती ताठ व्हायची, डोळे वर जायचे, ओठ निळे पडायचे. डॉक्टरांनी एक औषध वाढवलं, दुसरं वाढवलं, तिसरं लावलं, आणि ती नुसती कापसाच्या बाहुलीसारखी पडून राहायला लागली. ती औषधं मी बंद केलेली नाहीत, तेवढी अक्कल मला आहे. तेल त्यांच्या जोडीला देते. चमत्कार वगैरे झालेला नाही. आकडी अजून येते. पण मधे चांगले दिवस जातात, आणि त्या दिवसांत ती शिकते. खुर्चीवर चढते, चप्पल उलटी घालते, ह्यांना "ए बस" म्हणून हाक मारते. डॉक्टरांना मी सांगितलं तेव्हा ते खिडकीकडे बघून म्हणाले, मी काही ऐकलं नाही, आणि तुम्ही काही बोलला नाहीत. माणूस वाईट नाही. ते लिहून द्यायची त्यांना परवानगीच नाही, तर काय करतील?

आणि तेलाचा तरी भरवसा कुठाय? एक आजोबा घरी बनवून देतात, पण एक बाटली पातळ तर दुसरी काळीकुट्ट. त्या काळ्या बाटलीच्या वेळी ठकी झोपली ती उठेचना. गालावर पाणी मारलं, तळवे चोळले, कानाशी भांडं वाजवलं. ती उठली, पण तोवर मी म्हातारी झाले. दवाखान्यात नेलं नाही, कारण तिथे काय दिलं असं विचारतात. त्या दिवशी मला कळलं, ताई, लपूनछपून भागायचं नाही. मला कायद्यातून सूट नको. मला औषधाच्या दुकानातली बाटली पाहिजे, जिच्यात आज जेवढा जोर तेवढाच पुढच्या महिन्यातही असेल, आणि जिच्याबद्दल डॉक्टरांना मान वर करून विचारता येईल.

म्हणून मी त्या लोकांत गेले. आजाऱ्यांचा एक गट आहे. एका व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत जमतात, घामट गाद्यांवर बसून चहा पितात. सरकार आता गांजाच्या औषधाला परवानगी द्यायचे नियम करतंय, म्हणून ते आमदारांना गाठून आपलं म्हणणं सांगतात. मी धुलाईच्या कारखान्यात पोट बिघडल्याचं सांगून सुट्टी घेते. इतक्यांदा बिघडलंय की माझ्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरणारी बाई म्हणाली, अगं, डोहाळे लागलेत का तुला? मास्तरीणबाई गटाच्या पुढारी. कर्करोगाने अर्ध्या झाल्यात पण आवाज अजून वर्गातला. त्यांचा एकच कडक नियम, स्वतःबद्दल बोलायचं नाही. जो स्वतः घेतो म्हणाला तो गुन्हा कबूल करून बसला. म्हणून सगळ्यांनी म्हणायचं, आमच्या ओळखीत कुणीतरी आहे. ओळखीतल्या कुणाला तरी मणक्याचं दुखणं आहे, ओळखीतल्या कुणाला तरी उलट्या होतात. तिथे एक खुर्चीवाले काका आहेत, आधी क्रेन चालवायचे, आता चाकांच्या खुर्चीत. ते म्हणायचे, बाई, माझ्या ओळखीतल्या एका माणसाला अजून अर्धा कप चहा हवाय. तेवढीच आम्ही हसायचो.

आमदार काही थांबत नाहीत गं. सभागृहाच्या इमारतीत इतके लांब बोळ आहेत आणि ते सगळ्यांत जणू आग लागल्यासारखे चालतात. मग काकांनीच युक्ती काढली. लिफ्टशी उभं राहायचं. आमदार आत गेला की काका खुर्ची मागोमाग घुसवणार, आम्ही दोघी-तिघी कडेने शिरणार, आणि काका बटणांशी हात नेऊन सगळेच मजले दाबणार. मग म्हणणार, माफ करा साहेब, हात थरथरतो हो माझा. आता आजारी माणसाला कोण काय बोलणार? प्रत्येक मजल्यावर दार उघडतं, मिटतं, तोवर मास्तरीणबाई सगळं पाठ म्हटल्यासारखं सांगून टाकतात. एक जण वैतागून जिन्याने उतरून गेला. काका त्याच्या पाठीमागे बघत म्हणाले, पाय आहेत बाबा, वापरणारच.

मागच्या आठवड्यात लिफ्टमध्ये एक आमदारबाई सापडल्या. नियम बघणाऱ्या समितीच्या त्याच मुख्य. जाड भिंगाचा चष्मा, बगलेत फायली, बरोबर एक मदतनीस पोरगी. नियमांच्या मसुद्यात एक कलम आहे की हे औषध मोठ्यांनाच मिळेल, लहान मुलांना नाही. मास्तरीणबाईंनी सुरू केलं, आमच्या ओळखीत एक आजारी मूल आहे. आमदारबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, त्याला औषध देतं कोण? कसं देतं? चुकून जास्त गेलं तर? मास्तरीणबाई परत ओळखीतल्या मुलावरच आल्या. आणि माझ्या तोंडून गेलं, मी देते. गालाच्या आतल्या बाजूला सोडते, जिभेवर टाकलं की ती थुंकते. आणि जास्त जातं कधीकधी, कारण बाटली कधी कशी येते ते मला कळत नाही.

मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. काकांचा हात खरंच थरथरायला लागला. मदतनीस पोरीचं पेन उघडं होतं. गेटवर देतात तो पास माझ्या गळ्यात, त्याच्यावर माझा फोटो, नाव, पत्ता, सगळं. मला वाटलं तो पास गिळून टाकावा. आमदारबाईंनी पोरीला पेन बंद करायला सांगितलं. मग मला म्हणाल्या, माझ्याकडे एवढाले अर्ज आलेत, सगळे कुणाच्या तरी ओळखीतले. समितीतले लोक मला विचारतात, बाई, हे घेणारं खरोखर कुणी आहे का, की नुसत्या ऐकीव गोष्टी? त्यांना मी काय दाखवू? गुरुवारी समितीची सुनावणी आहे. तिथे उभं राहून आत्ता बोललात तेवढंच बोलाल का? मी विचारलं, मला पकडतील? त्या म्हणाल्या, माहीत नाही. तुम्हाला खोटा धीर देणार नाही. मी तुमच्या बाजूची आहे असंही समजू नका, माझं अजून ठरलेलं नाही. तेवढ्यात मजला आला आणि त्या गेल्या.

खाली उतरल्यावर मास्तरीणबाई मला रागावतील असं वाटलं होतं. त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, इतके दिवस मी सगळ्यांना सांभाळून ठेवलं, आणि सांभाळता सांभाळता कागदावरून पुसूनच टाकलं की. मग म्हणाल्या, तू जाऊ नकोस, तुझं मूल लहान आहे, मी बोलेन. पण त्या बोलल्या तरी मोठ्यांचंच बोलतील ना. मुलांचं कलम मुलांच्या आईशिवाय कोण हलवणार? गटात लहान मूल असलेली मी एकटीच. दुसरी एक होती, तिने येणं बंद केलं. तिच्याकडे मुलांच्या खात्याची माणसं येऊन गेली म्हणे. मूल नेलं की नाही ते कुणाला ठाऊक नाही. तिच्या दाराला कुलूप आहे.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, घरात गांजा सापडला तर माझं लायसन जाईल, मग ठकीला घेऊन तुझ्या धुलाईच्या कारखान्यात चादरी पिळायला येतो. मी म्हटलं, या, तिथे बाप्यांची वानवाच आहे. हसले नाहीत. रात्रभर माझ्याकडे पाठ करून झोपले. सकाळी ठकीच्या केसांत फणी फिरवता फिरवता विचारलं, गुरुवारी काय घालून जाणार आहेस? ह्यांची परवानगी म्हणजे एवढीच.

मी पाठ करून बघतेय, पण पहिल्या वाक्यापुढे जात नाही. तिथे मोठं टेबल असतं, समोर माईक, आणि बोललेलं सगळं लिहून घेतात. एकदा बोललं की परत घेता येत नाही. मला वाटतं, आतून कुणीतरी उठेल आणि शांतपणे म्हणेल, बाई, जरा ह्या बाजूला या. स्वप्नात तो माणूस मला रोज दिसतो. त्याला तोंड नसतं.

तर ताई, पत्र का लिहिलं ते आता लिहिते, इतका वेळ हात वळत नव्हता. गुरुवारी ह्यांची दुपारची ड्युटी आहे, संध्याकाळपर्यंत खालच्या काकू ठकीजवळ बसतील. त्यापुढे मी परत आले नाही, तर ठकीला तू घेऊन जा, हे दिवसदिवस गाडीवर असतात. ह्यांच्या आईकडे नको, त्या माया करतील पण तेल मोरीत ओततील. तू म्हणशील मीही तेच करीन. म्हणूनच तुला विचारते. तुला ते पटत नाही हे मला माहितीये, पण कुठलंही औषध असं एकाएकी तोडायचं नसतं हे तुझ्याइतकं कुणाला कळतं? मधे एकदा बाटली वेळेवर मिळाली नव्हती. तेव्हा काय झालं ते मी इथे लिहू शकत नाही, तू समज. तुझी नोकरी जायची असेल तर देऊ नकोस, असं लिहायला हवं. दोनदा लिहिलं आणि खोडलं. मला नाही लिहिता येत ते. बाटली कुठाय ते ह्यांना माहितीये. आधी तिला पोटाशी धर, मग गालात सोड, आणि ती गिळेपर्यंत हनुवटीखाली बोट ठेव. माझ्यावर जो राग आहे तो ठेव तसाच, मी आल्यावर काढ. येणार नसशील तर मला कळवू नकोस. तू तिच्याजवळ आहेस असं धरूनच मी त्या माईकसमोर उभी राहणार आहे.

तुझीच,
धाकटी