मैकलच्या आडवाटेवर आमच्या पुढे गेलेली गाडी

नेपियर टाउन, जबलपूर
पौष, दुपार

ती. इंदूताई हिच्या चरणी धाकट्या श्यामसुंदरचा नमस्कार पोचावा. (गुडघे दुखत असतील तर पाय पसरून बस, नमस्कार लांबूनही पोचतो.) भाऊजींचा खोकला गेला का? नागपूरच्या थंडीत त्यांना पहाटे फिरायला सोडू नकोस. आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आता खरं काय ते ऐक.

तुला माहीतच आहे, मी गाडीत बसलो की मधे कुठे थांबत नाही. जन्मभर खमरियाच्या फॅक्टरीच्या भोंग्यावर चाललेला माणूस मी, निघालो की पोचायचं एवढंच मला येतं. विनता म्हणते, तुमच्यासोबत जाणं म्हणजे पार्सलनं जाणं. म्हणून यंदा अमरकंटकला निघताना तिनं गाडीत पाय ठेवायच्या आधीच अट घातली, की मोठ्या रस्त्यानं जायचं नाही, जंगलातल्या जुन्या रस्त्यानं जायचं आणि ती म्हणेल तिथे थांबायचं. मी कबूल झालो. (रिटायर झालेल्या माणसाला कबूल होण्याखेरीज काम काय?)

शहपुरा सोडून मैकलच्या डोंगरातल्या आडवाटेला लागलो आणि दोन्ही बाजूंनी सालवृक्ष अंगावर आले. भर दुपार, पण धुकं असं की हेडलाइट लावले. पाखराचा आवाज नाही. एका वळणावर चहाची टपरी दिसली, विनता म्हणाली थांबा, थांबलो. टपरीवाली बाई आम्हाला बघून हसली. "अरे भैया, फिर लौट आए? दीदी कुछ भूल गईं क्या?"

मी म्हटलं, हम तो पहली बार आए हैं. तिनं बाकड्याकडे बोट दाखवलं. तिथे दोन उष्टे पेले होते आणि एकात तळाशी उरलेल्या चहातून वाफ निघत होती. हीच पांढरी फियाट, म्हणाली, हीच माकडटोपी, हीच दीदी. भैया तर इतके हसमुख, की जाताना चहाची तारीफ करून गेले. मग तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू गेलं. आमचा चहा तिनं लांबूनच सरकवला.

"कोणी दुसरे असतील," विनता म्हणाली. पण गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत पुटपुटली, "हसमुख म्हणे!"

पुढे एका ओढ्याकाठी देवीचा शेंदरी दगड होता आणि बाजूला एक बांगडीवाली टोपली घेऊन बसली होती. तिचंही तेच. भैयांनी आत्ताच स्वतः निवडून हिरव्या बांगड्या घेतल्या, खाली बसून बाईंच्या हातात चढवल्या. मग तिनं विनताचे हात पाहिले. "चूड़ियाँ उतार दीं, बाई?" विनतानं हात पदराखाली घेतले. ताई, मला भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त राग आला. माझंच तोंड घेऊन फिरणाऱ्या माणसाला हे चोचले कोणी शिकवले? मी म्हटलं, आम्हालाही द्या हिरव्या. बांगडीवाली म्हणाली, हिरव्या संपल्या, भैया ले गए. दगडावर कुंकू ओलं होतं.

तिथून घाट लागला. दरीपलीकडच्या वळणावर धुकं क्षणभर फाटलं आणि पांढरी गाडी दिसली. खिडकीतून एक हात बाहेर आला, हिरव्या बांगड्यांचा, आणि हलला. विनतानं इकडून हात हलवला.

"गाठा त्यांना," ती म्हणाली.

माथ्यावर कड्याच्या टोकाशी ती गाडी उभी होती. (नंबर वाचायची माझी हिंमत झाली नाही.) बाकावर दोघं पाठमोरी बसलेली. माकडटोपीवाला शेंगा सोलून दाणे बाईच्या हातावर ठेवत होता. विनतानं दार उघडलं.

"काहून जातेस? चल, उशीर होऊन राहिला," मी म्हटलं.

"त्याला नाही उशीर होऊन राहिला," ती म्हणाली आणि उतरली.

धुक्यानं तिला चालता चालता गिळलं. मी उतरलो नाही. (हातब्रेक सैल आहे, तुला माहीत आहे.) हॉर्न दाबला, तर आवाज पुढे जाण्याऐवजी माझ्या पाठीमागून आला. मग खाली उतरत जाणाऱ्या त्या गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकू आला आणि दार उघडून विनता शेजारी बसली. "किती छान जागा हो! चला आता, तुम्ही म्हणाल तिथे." तिच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या.

अमरकंटक राहिलं. तसेच घरी आलो. तेव्हापासून ही माझ्या विनोदांना हसते. (माझे विनोद तुला ठाऊक आहेत.) आता साखर घालून चहा पिते, स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्याचं नाव काढत नाही. दिवा लावायला मात्र जिथे बटण नाही त्या भिंतीवर हात फिरवते. आपला कुत्रा फाटकाच्या आत येत नाही. दुपारी माझा डोळा लागून उघडला, की ही पलंगाशी बसून माझ्याकडे बघत असते, हसत. पापणी लवत नाही. तरी जेवण उत्तम होतं आणि घरात आवाज चढत नाही, म्हणून काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार.

तुझा
श्यामसुंदर

ता. क. पत्र बंद करत होतो तेवढ्यात शेजारच्या बापूसाहेबांकडे तुझा फोन आला. तू म्हणालीस, "तुम्ही दोघं अचानक आलात, बरं वाटलं रे. तू केवढा बदललास! नागपुरी संत्री सोलून खाऊ घालतोस बायकोला! पण विनता कोपऱ्यात बसून असते आणि म्हणते, ताई, हे आपले नाहीत, आपले जबलपूरला आहेत, त्यांना फोन लावून द्या. म्हणून लावला." मला बोलता आलं नाही, कारण ही माझ्या खांद्याशी उभी होती, हसत. ताई, तुझ्याकडे आहे ती आपली विनता. तिला त्याच्यासोबत कुठे जाऊ देऊ नकोस. हे पत्र आज नागपूरला निघालेल्या रामरावांच्या हाती देतोय. मी येतोच.

ता. क. २ उद्या नाही जमणार. उद्या हिनं पुरणपोळीचा बेत केला आहे आणि नाही म्हणायची भीती वाटते. परवाही बहुधा नाही. न्यायला यायला इतके दिवस का लागले, असं विनतानं विचारलं, तर रस्ता खराब होता म्हणून सांग. आणि मी वाटेत प्रत्येक ठिकाणी थांबत थांबत येतोय, असंही सांग.