डाव्या हाताची काडतुसं

प्रिय रेनो,

'यंदा शिकारीला येणार नाही' हा तुझा निरोप शेजारच्या ओन्नीने आणून दिला. मी तो या कानाने ऐकला आणि त्या कानाने सोडून दिला. लहानपणापासून तुझं हेच! आधी नाही म्हणायचं आणि मग सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसायचं.

लाकूड कापायच्या गिरणीतल्या ओंडक्याने तुझा उजवा खांदा मोडला, आता त्याला रायफलचा दस्ता लावायचा नाही असं डॉक्टर म्हणाले, सगळं कबूल. पण डावा हात धडधाकट आहे ना? म्हणून तुझ्यासाठी बाबांचं रिव्हॉल्वर बाहेर काढलं, नळी पुसून लख्ख केली. मग माझा उजवा हात पट्ट्याने कमरेला बांधला आणि नुसत्या डाव्या हाताने, कोपर खोडावर टेकवून, कागदी ताटल्यांवर नेम धरत बसले. नेहमीच्या काडतुसाने पहिल्याच बाराला नळी अशी उसळली की माझी टोपी उडाली. कुंपणापलीकडून ओन्नी विचारतो कसा, हिल्मा, राग हरणावर आहे की टोपीवर? मेल्याला हसायला काय जातंय.

मग काडतुसं घरीच भरली, दारू जरा बेताची घालून. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर नुसती पितळी टरफलं. मी आपली उभ्यानेच मांस-बटाटा भरलेली पास्टी खात होते. आता झटका हाताला झेपतो आणि गोळ्या ताटलीतच बसतात. जवळून मात्र. आपल्या सौनाच्या न्हाणीघरापासून विहिरीपर्यंत, त्यापलीकडचं हरीण खुशाल जाऊ द्यायचं. जखमी जनावर रानात खुरडत राहिलेलं आपल्या घरात कुणाला खपलेलं नाही. म्हणून तुझं मचाणही ओढ्याकाठी हलवलंय, तिथे हरणं अगदी जवळ उतरतात.

माझा माउनो गेला, मी विधवा झाले, त्या वर्षी मीही शिकारीला येत नव्हते. तू दारात गाडीचा भोंगा वाजवत बसलास, सगळी आळी उठवलीस. तेव्हा तुला शिव्या दिल्या, पण त्या दिवशी तू आला नसतास तर मी अंथरुणातून उठलेच नसते रे.

तुझं खरं कारण काल ओन्नीच्या तोंडून निसटलं. आपल्या शिकारीच्या खोपटात ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीला ठोकतात. बाबांचं आहे, माझी तर तीन आहेत. यंदा मात्र मंडळींनी ठरवलं होतं, रेनो चुकला तरी कात्री काढायची नाही, बिचाऱ्याला कशाला. आणि नेमकं तेच तुझ्या कानावर गेलं. मी तडक खोपटावर जाऊन एकेकाला झापलं. म्हटलं, "माझा भाऊ चुकला तर त्याचा शर्ट मी स्वतः कापीन." मग ओन्नीनेच उठून कात्रीला धार लावली. तेव्हा ये बाबा, तुझ्याशिवाय मला तिथे करमत नाही. फक्त तुझ्या ऐलीने दिलेला तो निळा शर्ट घालू नकोस, चांगला आहे.

तुझीच, कात्री घेऊन वाट बघणारी,
हिल्माताई